एका दिवसात पास, पावणेपाच वर्षांनी नापास

ऑगस्ट २०२० मध्ये एका वैद्यकीय जर्नलमध्ये एक शोधनिबंध झळकला. प्रश्न असा होता: कोविड जास्त जीवघेणा, की पायाने ढकलत चालवायची स्कूटर? आणि स्कूटरचे अपघात टाळायला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन उपयोगी पडेल का? लेखकांच्या यादीत एक नाव होतं नेमो मॅक्रॉन, पत्ता एलिझे प्रासाद, पॅरिस. हा नेमो म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचा कुत्रा. आणखी एक लेखक होते मानिस जावानिका. हे खवल्या मांजराच्या एका जातीचं शास्त्रीय नाव आहे. या दोन विद्वानांच्या संशोधनाला तज्ज्ञांच्या तपासणीतून मंजुरी मिळाली आणि निबंध छापूनही आला.

अर्थात ती थट्टा होती. याच जर्नलने आधी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची भलामण करणारा निबंध छापला होता, म्हणून काही टवाळ संशोधकांनी हा सापळा लावला. तैवानमधल्या एका कीटकशास्त्रज्ञानेही मार्च २०२० मध्ये असाच उद्योग केला होता. पोकेमॉनमधल्या झुबॅट नावाच्या वटवाघळाला खाल्ल्याने कोविड पसरला, असा त्याचा ‘शोध’. तोही छापून आला.

पैसे भरा आणि छापून घ्या, असा धंदा करणाऱ्या जर्नलांना हसणं सोपं आहे. त्यापेक्षा चटकदार किस्से घडले ते नावाजलेल्या जर्नलांत, आणि त्यातले बरेचसे रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीशी जोडलेले. एरवी कॅज्युअल्टीत निर्णय मिनिटांत होतात आणि जर्नलमध्ये महिन्यांनी. २०२० मध्ये दोघांना एकदमच घाई झाली.

बैल गेला नि झोपा केला

२००३ साली सार्सची साथ आली, तेव्हाची गत ऐका. हाँगकाँग आणि टोरांटोमधल्या साथीवर लिहिल्या गेलेल्या शेकडो निबंधांचा हिशेब नंतर कुणीतरी मांडला. साथ चालू असताना त्यातले फक्त २२ टक्के जर्नलांकडे पोचले होते, आणि छापून आले होते अवघे ७ टक्के. बाकीचे सगळे साथ ओसरल्यावर. म्हणजे टोरांटोच्या कॅज्युअल्टीत उभ्या असलेल्या डॉक्टरच्या हाती त्या वेळी जवळपास काहीच नव्हतं.

कोविडमध्ये चक्र उलटं फिरलं. ११ जानेवारी २०२० च्या सुमारास विषाणूची जवळपास ३० हजार अक्षरांची जनुकीय कुंडली इंटरनेटवर आली. तेव्हा या रोगाला धड नावही नव्हतं. पुढच्या दहा महिन्यांत सव्वा लाखाहून अधिक निबंध आले. त्यातले ३० हजारांवर प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच सगळ्यांसमोर ठेवलेले मसुदे. १४ वैद्यकीय जर्नलांच्या पाहणीत असं दिसलं, की निबंध हाती येण्यापासून छापण्यापर्यंतचा काळ जवळजवळ निम्मा झाला होता.

योगायोग पाहा. वैद्यकातल्या प्रीप्रिंटसाठीचं ‘मेडआर्काइव्ह’ हे ठिकाण सुरू झालं जून २०१९ मध्ये. साथीच्या जेमतेम सहा महिने आधी! भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून असे मसुदे वाटून घेत आले आहेत. डॉक्टर मंडळींनी मात्र तोवर हात आखडता घेतला होता, कारण चुकीचं समीकरण वाचून कुणी मरत नाही, चुकीचा डोस वाचून मरू शकतं.

भीती अगदीच अनाठायी नव्हती. ३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या संशोधकांनी एक मसुदा टाकला. या विषाणूच्या काट्यांवर एचआयव्हीशी ‘विलक्षण’ जुळणारे तुकडे आहेत, असा दावा त्यात होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी दोन दिवसांत तो चिंधड्या करून परत पाठवला आणि २ फेब्रुवारीला लेखकांनी तो मागे घेतला. कोणत्याही छापील जर्नलने चूक इतक्या लवकर कधी दुरुस्त केली नसेल. अफवा मात्र मागे घेता आली नाही, ती अजून कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असते.

तिला फोन कुणीच केला नाही

त्याच आठवड्यातला दुसरा किस्सा. जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय जर्नलांपैकी एक, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. ३० जानेवारीला तिथे जर्मनीतून आलेलं पत्र छापलं गेलं: शांघायहून म्युनिकजवळ कामासाठी आलेल्या एका बाईने कोणतंही लक्षण नसताना इतरांना संसर्ग दिला. जगभर खळबळ उडाली. लक्षण नसलेला माणूस रोग पसरवत असेल, तर कॅज्युअल्टीच्या दारात ताप मोजून उपयोग काय?

चार दिवसांत उघड झालं, की लेखकांपैकी कुणीही त्या बाईशी बोललंच नव्हतं. जर्मनीतल्या रुग्णांनी सांगितलं ‘ती ठीक दिसत होती’, तेवढ्यावर निबंध झाला. नंतर अधिकाऱ्यांनी फोन केला तेव्हा कळलं, की तिला जर्मनीत असतानाच थकवा आणि अंगदुखी होती आणि तिने तापाची गोळीही घेतली होती. गंमत म्हणजे मूळ निष्कर्ष पुढे इतर पुराव्यांनी खरा ठरला. लक्षणं नसलेल्यांकडून संसर्ग होतो, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तर बरोबर, रीत चूक. शाळेत अशाला किती गुण मिळतात, ते ज्याने त्याने आठवावं.

सोळाला दिला, सतराला पास

आता ज्याच्यावरून या लेखाला नाव दिलं, तो निबंध. फ्रान्समधल्या मार्सेयचे दिदिए राउल्ट आणि त्यांचे सहकारी. १६ मार्च २०२० ला निबंध जर्नलकडे गेला, १७ ला स्वीकारला गेला, २० ला इंटरनेटवर आला. जर्नलचे मुख्य संपादक स्वतःच सहलेखकांत होते, त्यामुळे टपाल फार लांब जायचं नव्हतं.

निबंधात रुग्ण होते ३६. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेतलेले २० आणि न घेतलेले १६. औषध सुरू केलेले रुग्ण मात्र २६ होते. उरलेल्या सहांचं काय झालं? तिघांना आयसीयूत न्यावं लागलं, एक दगावला, एकाने मळमळीमुळे गोळ्या सोडल्या आणि एक रुग्णालयातून निघून गेला. हे सहा जण हिशेबातून वगळले. आयसीयूत गेलेले आणि दगावलेला बाजूला ठेवल्यावर औषध गुणकारी दिसणारच.

पुढचा वेग आणखी भन्नाट. अमेरिकेच्या अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी ट्विटरवर डंका पिटला. दोन-तीन दिवसांत आयसीएमआरने आपल्याकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून ही गोळी सुचवली. मुंबईत धारावी आणि वरळीतल्या लोकांना ती देण्याचा बेत जाहीर झाला आणि नंतर बारगळला. ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण, ज्यांना ही गोळी खरोखर रोज लागते, ते औषधाच्या दुकानांतून हात हलवत परत येऊ लागले.

निबंध शेवटी मागे घेतला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये. स्वीकारायला एक दिवस लागला होता, नाकारायला पावणेपाच वर्षं.

सहाशे एकाहत्तर रुग्णालयं, पत्ता नाही

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनच्या विरोधातल्या बाजूनेही काही कमी दिवे लावले नाहीत. २२ मे २०२० ला लॅन्सेटने एक भला थोरला अभ्यास छापला. ९६,०३२ रुग्ण, ६७१ रुग्णालयं, सहा खंड. निष्कर्ष असा, की या गोळीने मृत्यू वाढतात. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या गोळीचा भाग थांबवला.

सगळी माहिती सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीकडून आली होती. पहिला खडा लागला तो ऑस्ट्रेलियात. निबंधानुसार २१ एप्रिलपर्यंत पाच ऑस्ट्रेलियन रुग्णालयांत ७३ मृत्यू झाले होते. पण तोवर अख्ख्या ऑस्ट्रेलियातच ६७ मृत्यूंची नोंद होती. कंपनीचं उत्तर: आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात गेलं. गार्डियनने कंपनीची माणसं शोधली, तर विज्ञान संपादक म्हणून नोंदलेली व्यक्ती विज्ञानकथा लिहिणारी निघाली. शंभराहून अधिक संशोधकांनी जाहीर पत्र लिहून मूळ आकडे मागितले. आकडे कुणालाच मिळाले नाहीत, अगदी सहलेखकांनाही नाहीत. ४ जूनला लॅन्सेटने निबंध मागे घेतला आणि त्याच दिवशी न्यू इंग्लंड जर्नलनेही याच कंपनीच्या आकड्यांवरचा दुसरा निबंध मागे घेतला.

ही गोष्ट बहुतेकांनी तेव्हा वाचली असेल. पण तिचं एक शेपूट फारसं कुणाला दिसलं नाही आणि ते थेट कॅज्युअल्टीत जातं. याच कंपनीच्या साहाय्याने आफ्रिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या महासंघाने रुग्णाची गंभीरता ठरवण्याचं एक साधन तयार केलं होतं. खाटा आणि ऑक्सिजन अपुरा असेल तेव्हा आधी कुणाला घ्यायचं, हे ठरवायला ते मदत करणार होतं. कंपनीचं पितळ उघडं पडल्यावर महासंघाने ते वापरू नका असं कळवलं. निबंध मागे घेतला की जर्नलचं काम संपतं. त्या आकड्यांवरून कुणाला खाट मिळाली आणि कुणाला नाही, हे मागे कसं घेणार?

पासवर्ड: १२३४

मग आलं इव्हरमेक्टिन. इजिप्तमधल्या एका प्रीप्रिंटने दावा केला, की या जंतावरच्या गोळीने कोविडचे मृत्यू तब्बल ९० टक्क्यांनी कमी होतात. लंडनमधल्या एका विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो वाचायला दिला होता. वाचताना भाषा खटकली. सार्स या आजाराच्या नावातला ‘सिव्हिअर अक्यूट’ बदलून ‘एक्स्ट्रीम इंटेन्स’ झालेला! मजकूर इकडून तिकडून उचलून, चोरी पकडली जाऊ नये म्हणून शब्द बदलताना रोगाचं नावसुद्धा बदललं गेलं होतं.

मग पोराने मूळ आकड्यांची फाइल शोधली. तिला पासवर्ड होता. त्याने अंदाज बांधला, १२३४. उघडली! आत अभ्यास सुरू व्हायच्या आधीच मरण पावलेले रुग्ण होते. जुलै २०२१ मध्ये हा मसुदा काढून टाकण्यात आला. तोवर तो इव्हरमेक्टिनच्या बाजूने मांडलेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्र बेरजांमध्ये सर्वांत वजनदार पुराव्यांपैकी एक म्हणून मिरवून झाला होता.

दोनच महिने आधी, मे २०२१ मध्ये गोवा सरकारने जाहीर केलं होतं, की अठरा वर्षांवरच्या प्रत्येक गोंयकाराला पाच दिवस इव्हरमेक्टिन द्यायचं, कोविड असो वा नसो. गोव्याचा निर्णय इजिप्तच्या या एका निबंधावर बेतलेला होता असं नव्हे. पण हवा कोणत्या निबंधांनी तापवली होती, ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच आक्षेप घेतला, आणि पुढे ती योजना गुंडाळली गेली.

एक व्हेंटिलेटर, चार फुप्फुसं

आता खास कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी लिहिलेलं. औषधांच्या भांडणांपेक्षा मला हे जास्त रंजक वाटतं, कारण इथे लिहिणारा स्वतः पीपीई घालून घामाघूम झालेला असतो.

२००६ साली अमेरिकेतल्या ग्रेग नेमन आणि शार्लीन बॅबकॉक या दोन इमर्जन्सी डॉक्टरांनी ॲकेडेमिक इमर्जन्सी मेडिसिन या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. एका व्हेंटिलेटरला नळ्यांचे फाटे जोडून चार कृत्रिम फुप्फुसं जवळपास बारा तास चालवून दाखवली. मोठी दुर्घटना झाली तर उपयोगी पडेल, एवढंच म्हणणं. निबंध शांतपणे कपाटात गेला. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हेंटिलेटर पुरेनात, तेव्हा बॅबकॉक यांनी व्हिडिओ काढून हीच जुगाडबाजी समजावली, आणि अगदीच नाइलाज असेल तरच करा हेही सांगितलं. व्हिडिओ लाखोंनी पाहिला. चौदा वर्षांपूर्वीच्या निबंधाला अचानक मुंबईच्या लोकलइतकी गर्दी.

लगेच, २६ मार्चला, अमेरिकेतल्या सहा वैद्यकीय संघटनांनी संयुक्त पत्रक काढलं: असं करू नका. कृत्रिम फुप्फुसं चारही सारखी असतात, माणसांची नसतात. एकाचं फुप्फुस ताठ, दुसऱ्याचं मऊ. हवा सोपी वाट धरणार आणि ताठ फुप्फुसाचा रुग्ण उपाशी राहणार. त्याच आठवड्यात न्यूयॉर्क राज्याने मात्र परवानगी दिली. दोन्ही बाजूंचं बोट त्याच जुन्या निबंधाकडे!

पारदर्शक पेटीची पाच महिन्यांची कारकीर्द

तैवानमधल्या लाई शिएन-युंग या भूलतज्ज्ञांनी ॲक्रिलिकची एक पेटी बनवली. रुग्णाच्या डोक्यावर ठेवायची, दोन भोकांतून हात घालून घशात नळी टाकायची, म्हणजे खोकल्याचे तुषार अंगावर येणार नाहीत. नकाशा त्यांनी फुकट वाटला. ३ एप्रिल २०२० ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये बोस्टनच्या डॉक्टरांचं एक पानी पत्र आलं. त्यांनी पुतळ्याच्या घशात चमकणाऱ्या रंगाचा फुगा फोडून ‘खोकला’ काढला होता. पेटी नसताना रंग डॉक्टरच्या तोंडापासून बुटापर्यंत, पेटी असताना फक्त हातमोज्यांवर, बाह्यांवर आणि पेटीच्या आत. फोटो इतका बोलका, की जगभर पेट्या कापल्या जाऊ लागल्या. आपल्याकडेही त्या रुग्णालयांत पोचल्या. १ मे रोजी अमेरिकेच्या एफडीएने अशा पेट्यांना आपत्कालीन परवानगी दिली.

ऑस्ट्रेलियात १२ भूलतज्ज्ञांना पेटीसकट आणि पेटीविना पुतळ्यांना नळ्या टाकायला लावलं, एकूण ३६ वेळा. पेटी असली की वेळ जास्त लागला, आणि भोकांच्या कडांना घासून पीपीई फाटलं ते वेगळंच. दुसऱ्या ऑस्ट्रेलियन चमूने हवेतले सूक्ष्म कण मोजले, तर काही वेळा पेटीच्या भोकांतून ते थेट डॉक्टरच्या दिशेने येत होते. फुग्यातून उडाले होते मोठे थेंब. हवेत तरंगणारे बारीक कण त्या फोटोत दिसणारच नव्हते. ऑगस्टमध्ये एफडीएने परवानगी काढून घेतली. नळी टाकण्याच्या कामात सेकंदांना किंमत असते, हे कुणाही भूलतज्ज्ञाला पेटी न बनवताच सांगता आलं असतं. पण फोटोपुढे कोण बोलणार?

उपडं झोपा, पाच मिनिटं थांबा

उलट बाजूचा किस्सा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं लिंकन हॉस्पिटल. कॅज्युअल्टीत येणाऱ्यांचा ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या आसपास, पण माणूस मोबाइलवर बोलतोय. पाठ्यपुस्तकात हे बसतच नव्हतं. ऑक्सिजन लावल्यावर ८४. मग डॉक्टरांनी शुद्धीवर असलेल्या पन्नास रुग्णांना पालथं झोपायला सांगितलं. पाच मिनिटांत ९४!

व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णाला पालथं केल्याने जीव वाचतो, हे २०१३ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीने दाखवलं होतं. पण जागा माणूस, कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर, स्वतःहून कुशीवर वळतोय, हे नवीन होतं. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जवळपास चौघांतल्या एकाला चोवीस तासांत नळी टाकावीच लागली. लेखकांनी ते लपवलं नाही, ही या निबंधाची शान.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी धावपळ चालू असताना, आपल्या आरोग्य मंत्रालयाने उशा कुठे ठेवायच्या त्याच्या चित्रांसकट ‘घरच्या घरी पालथे झोपा’ अशी पत्रकं काढली. तोवर भक्कम पुरावा आलेला नव्हता. तो आला ऑगस्टमध्ये. सहा देश, ११०० हून अधिक रुग्ण. नळी लागणं किंवा मृत्यू, असं दोन्ही मिळून प्रमाण पालथं झोपणाऱ्यांत ४० टक्के आणि इतरांत ४६ टक्के. फक्त मृत्यू पाहिले तर ठाम फरक नाही. पाच मिनिटांतल्या ८४ ते ९४ च्या जादूपेक्षा निकाल बराच साधा, पण उशीचा खर्च शून्य.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी गेला, त्यामागेही एक इमर्जन्सी डॉक्टर आहे. रिचर्ड लेव्हिटन यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवक म्हणून काम केल्यावर २० एप्रिल २०२० ला चक्क वर्तमानपत्रात लेख लिहिला, जर्नलमध्ये नव्हे: दम लागायची वाट पाहू नका, बोट मोजा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की धोकादायक पातळीला गेलेला ऑक्सिजन या यंत्राला गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट वेळा कळत नाही. यंत्र दशकानुदशकं वापरात होतं. ही शंका नवी नव्हती, पण तिच्याकडे लक्ष गेलं ते साथीत.

गर्दी गेली कुठे?

कोविडच्या निबंधांनी जर्नलं ओसंडत असताना कॅज्युअल्टी मात्र ओस पडल्या होत्या. अमेरिकेत २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत कॅज्युअल्टीत येणारे ४२ टक्क्यांनी घटले. हार्ट अटॅक बंद झाले होते का? इटलीतल्या लोंबार्दीच्या डॉक्टरांनी उत्तर दिलं: २१ फेब्रुवारीपासूनच्या चाळीस दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याचे प्रकार आदल्या वर्षीच्या २२९ वरून ३६२ वर गेले, म्हणजे ५८ टक्के वाढ. लोक घरीच मरत होते. हे न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एप्रिलअखेर, म्हणजे महिन्याभरात छापून आलं. घाईचा असाही उपयोग असतो.

कुंभकर्ण अभ्यास

२००९ च्या स्वाइन फ्लूनंतर इंग्लंडमध्ये एक हुशारी केली गेली. पुढच्या साथीत कॅज्युअल्टीतल्या रुग्णांची गंभीरता कशी ओळखायची, याचा संपूर्ण अभ्यास शेफिल्डच्या संशोधकांनी आखून, नैतिक परवानग्या घेऊन, झोपवून ठेवला. खरोखरच त्याला ‘शीतनिद्रा’ म्हणत. २०२० मध्ये तो उठवला. ब्रिटनभरातल्या ७० कॅज्युअल्टी आणि २० हजारांहून अधिक रुग्ण, आणि त्यातून एक साधी गुणपट्टी निघाली. परवानग्यांचे महिने वाचले.

त्याउलट झोपेतून न उठताच धावलेले म्हणजे एआयवाले. छातीच्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून कोविड ओळखणाऱ्या संगणकी प्रणालींचे निबंध केंब्रिजच्या चमूने तपासले. तपशिलात पाहण्याजोग्या ६२ पैकी दवाखान्यात वापरण्यालायक एकही नाही. काहींनी ‘कोविड नसलेले’ म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घातले होते आणि कोविडवाले सगळे मोठे. यंत्र शिकलं, पण मूल आणि माणूस ओळखायला!

घाई गुन्हेगार नव्हे

हे सगळं वाचून घाईवर खापर फोडायचा मोह होतो. पण लॅन्सेटचा तो फसवा निबंध तज्ज्ञांच्या रीतसर तपासणीतून गेला होता, आणि साथीतलं सर्वांत उपयोगी उत्तर आलं ते प्रसिद्धिपत्रकातून. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा आराखडा तयार झाल्यापासून पहिला रुग्ण नोंदवेपर्यंत गेले नऊ दिवस. १६ जून २०२० ला जाहीर झालं, की डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरचे मृत्यू एक-तृतीयांशाने घटतात. निबंध नव्हता, आकड्यांचा तक्ता नव्हता. सर्जिस्फिअरने नुकतीच तोंडं पोळलेली असल्याने अतुल गावंडे भडकले. निबंध न देता पत्रकावर निकाल मिरवणं चालणार नाही, असा त्यांचा सूर होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं हे घराणं, पण गावंडे वाढले अमेरिकेत आणि बोस्टनमध्ये शल्यविशारद म्हणून नाव कमावलं. त्यांचा राग रास्त होता. मसुदा सहा दिवसांत आला, महिन्याभरात न्यू इंग्लंड जर्नलने छापला, आणि निष्कर्ष टिकला. फरक इतकाच, की इथे चिठ्ठी टाकून निवडलेले २,१०४ रुग्ण औषधाचे आणि ४,३२१ बिनऔषधाचे होते, आणि कुणीही मागितलं तर दाखवायला खरी रुग्णालयं होती.

आणि सावकाशीने तरी काय साधतं? पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने मुंबई-कराचीच्या प्लेगात काम करून १८९८ मध्ये छापलं, की प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो. मान्यवरांनी त्याला हसण्यावारी नेलं. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने ते पुन्हा सिद्ध करेपर्यंत १९०५ उलटून गेलं होतं. छापून आलं म्हणजे वाचलं गेलं, असं नसतं.

जाता जाता

अमेरिकेतल्या कोविड निबंधांत पहिली लेखिका असण्याचं प्रमाण, त्याच जर्नलांतल्या आदल्या वर्षीच्या तुलनेत, साथीच्या सुरुवातीला १९ टक्क्यांनी कमी होतं. शाळा बंद, मुलं घरात. निबंध कुणी लिहायचा ते घराघरांत आधीच ठरलेलं.

कोविडकाळातल्या शस्त्रक्रियांवरच्या एका निबंधाला १५,०२५ लेखक होते. गिनीज बुकात नोंद आहे. छापखान्याच्या दृष्टीने ही एक लहानशी नगरपालिकाच.

प्लाझ्मा पाहिजे, बी पॉझिटिव्ह

महाराष्ट्राला सर्वांत जवळचा किस्सा प्लाझ्माचा. २९ जून २०२० ला राज्य सरकारने ‘प्लॅटिना’ सुरू केली, आणि प्लाझ्माची जगातली सर्वांत मोठी चाचणी म्हणून तिची जाहिरात झाली. बऱ्या झालेल्या रुग्णाचं रक्तद्रव्य आजाऱ्याला द्यायचं. कल्पना सुटसुटीत, शतकभर जुनी. इकडे आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर स्वतंत्र चाचणी एप्रिलमध्येच सुरू केली होती आणि जुलैत संपवलीही. तिचा मसुदा सप्टेंबरमध्ये आला, २२ ऑक्टोबरला ब्रिटिश मेडिकल जर्नलने तो छापला. गंभीर होणं किंवा मृत्यू: प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के, न घेतलेल्यांत १८. म्हणजे उपयोग नाही.

आपल्याच देशाची, चोख आखणीची, वेळेत झालेली, नामांकित जर्नलमध्ये छापलेली चाचणी. तरीही प्लाझ्मा सरकारी मार्गदर्शक सूचनांत राहिला. एप्रिल २०२१ मध्ये पुणे, नाशिक, नागपूरचे मोबाइल ‘प्लाझ्मा पाहिजे, बी पॉझिटिव्ह, तातडीने’ अशा संदेशांनी खणखणत होते, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर नातेवाईक अनोळखी माणसांच्या दारांत उभे होते. मे महिन्यात साडेअकरा हजार रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीनेही तेच सांगितलं आणि १७ मे २०२१ ला भारताने प्लाझ्मा सूचनांतून काढला. ऑक्टोबरातला तो निबंध सात महिने इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचायला खुला होता.